विमानातला दुसरा बेल्ट

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं नुसते वाचत आलेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच. मी बी. फार्म. केलंय, लग्नाआधी चार वर्षं श्रीरामपूरला एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी होते. कुणी म्हटलं अंगात येतं, कुणी म्हटलं बाहेरचं लागलंय, की माझ्या डोक्यात आधी गोळीचं नाव यायचं. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. दोनदा लिहून खोडलं. भूतबित काही नाही यात, आधीच सांगते. जे झालं ते ज्या क्रमाने झालं, तसंच लिहिते.

माझं माहेर पुणतांबा. घरचा ऊस आणि थोडी पेरूची बाग. नवरा अमोल, भिंगारचा. कॉलेजात बरोबर होतो, त्यामुळे आमचं अरेतुरेच. तो हैदराबादला एका औषध कंपनीत आहे.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला जुळ्या मुली झाल्या होत्या. साडेसातव्या महिन्यात, नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय). पहिली दीड किलोची, दुसरी किलोभराचीही नव्हती. दोघी काचेच्या पेटीत. पहिली वाचली, ती स्वरा. दुसरी नऊ दिवस होती. तिला मी एकदाही मांडीवर घेतलेलं नाही... पेटीच्या गोल झाकणातून हात घालून तिच्या मुठीत बोट दिलं होतं, तेवढंच. बारशाच्या आधी गेली म्हणून नाव नाही. कागदोपत्री नुसती ‘बेबी टू’.

इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत. अमोल आणि माझा भाऊ तिला पुणतांब्याला घेऊन गेले, नदीच्या अंगाला. मी तेव्हा दवाखान्यात होते. ती जागा मी पाहिली नाही, मला कुणी दाखवली नाही. नंतर घरात न बोलताच ठरल्यासारखं झालं – विषय काढायचा नाही. जो येईल तो म्हणायचा, एक तरी पदरात आहे ना. अमोल पंधरा दिवसांनी ड्युटीवर हजर झाला. स्वरा फार नाजूक, तिला प्रवास नको म्हणून मी माहेरीच राहिले. चौदा महिने.

मग एकदाचं डॉक्टरांनी हो म्हटलं. ट्रेनने रात्रभर बाळाला घेऊन एकटी कशी येशील, म्हणून अमोलने विमानाचं तिकीट काढलं. दुपारचं विमान, काकडीहून. सगळे शिर्डीचं विमानतळ म्हणतात ते. आमच्या घरापासून तासाभरावर. मी पहिल्यांदाच विमानात बसणार होते.

सकाळी आई माझ्यासाठी दशम्या बांधत होती. स्वरा तिच्या पायाशी डबे वाजवत बसलेली. कुठून तोंडाला आलं माहीत नाही, मी विचारलं,

“आई, तिला कुठं ठेवलं गं?”

आईचा हात थांबला. कोण ते तिने विचारलं नाही.

“आता निघायच्या टायमाला ते कशाला काढतीस?”

“मी गाव सोडून चाललेय, म्हणून.”

“मला न्हाई म्हाईत. बाप्यांनी नेलं, त्यांनाच ठावं. ही हाय ना तुज्याजवळ? हिच्याकडं बघ. लई इचार करू नगं.”

गाडी भाऊच चालवत होता. तासभर शेजारी बसले होते त्याच्या, पण त्याला विचारायची हिंमत झाली नाही. मात्र गाव मागे पडताना एक झालं. मी मनातल्या मनात म्हटलं – मी चाललेय गं. यायचं असेल तर ये.

एवढंच. कुणालाही सुचेल असं वाक्य. त्यावर माझा विश्वास वगैरे काही नव्हता. रडू येत होतं आणि भावासमोर रडायचं नव्हतं, म्हणून म्हटलं असेन.

विमान छोटं होतं, पंख्याचं. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा सीट. स्वरा माझ्या उजव्या खांद्यावर. डाव्या खांद्याला तिची बॅग – दुधाची बाटली, डायपर, दशम्या. चार पायऱ्या चढून दाराशी गेले तर तिथली एअर होस्टेस पटकन पुढे आली आणि माझ्या खांद्यावरची बॅग तिने स्वतःच काढून घेतली. “आराम से मॅम, आराम से,” म्हणाली. मला बरं वाटलं. बॅग घेऊन ती माझ्या सीटपर्यंत आली, वर ठेवून दिली. वीस-बावीसची असेल. चेहरा हसरा.

माझी सीट खिडकीची. शेजारची रिकामी होती. दोन-चार मिनिटांत ती मुलगी परत आली. हातात दोन पट्टे. लहान बाळाचा बेल्ट वेगळा असतो, आईच्या बेल्टात अडकवायचा... मला तेव्हाच कळलं. ती जरा काळजीत दिसली.

“मॅम, दूसरा बेबी किसके साथ है? एक ॲडल्ट के साथ एक ही इन्फंट अलाउड है. दूसरे को किसी और के पास देना पडेगा.”

मला वाटलं, मागच्या कुणाबद्दल विचारतेय. म्हटलं, “मेरी एकही बेटी है.”

ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे मी तिची गंमत करतेय असं समजून. मग तिची नजर खाली गेली. स्वरा माझ्या उजव्या खांद्यावर तोंड खुपसून होती. तिने स्वराकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या हाताकडे. मग पुन्हा स्वराकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मला अजून आठवतं. हळूहळू नाही गेलं, पुसल्यासारखं गेलं.

“सॉरी मॅम,” म्हणाली. एक बेल्ट माझ्या हातात दिला आणि गेली. पुढे जाऊन दुसरीला काहीतरी विचारत होती, कागद बघत होती. नंतर आमच्या रांगेला पाणी द्यायला दुसरीच आली. माझा बेल्ट बांधलाय की नाही तेही दुसरीनेच पाहिलं.

मी स्वतःला समजावलं. गर्दीत गोंधळ झाला असेल. दुसऱ्या कुणाकडे बाळ असेल. मान वळवून पाहिलं तर अख्ख्या विमानात स्वराएवढं दुसरं कुणी नव्हतं. सात-आठ वर्षांची दोन मुलं होती, बस.

दार लावायच्या जरा आधी शेजारच्या सीटवर एक बाई आल्या. साठीच्या, दर्शन करून परतणाऱ्या, हातात प्रसादाची पिशवी, मागे कुठेतरी त्यांची माणसं. त्यांना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. आधीचं सगळं झालं तेव्हा त्या विमानात चढल्याही नव्हत्या, हे लक्षात ठेवा.

विमान वर जाताना स्वराने जो सूर लावला... कान दुखत असणार. बाटली नको, खाऊ नको. मी घामाघूम. शेवटी वर जाऊन विमान सरळ झालं तशी ती थकून माझ्या उजव्या खांद्यावरच झोपली. बाई माझ्याकडे बघून हसल्या. स्वराच्या गालाला हात लावून त्यांनी बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. आपल्याकडे करतात तसंच.

मग त्यांनी हात माझ्या डाव्या दंडाच्या खोबणीत नेला. तिथे काही नव्हतं. माझा रिकामा, दुमडलेला हात. त्यांनी तिथे हवेत तळवा गोल केला आणि हळूच फिरवला. लहान बाळाच्या टाळूवरून फिरवतात ना, अगदी न दाबता, तसा. आणि पुन्हा बोटं कानशिलावर मोडली.

“कवल पिल्ललु,” म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. “कवल, कवल.”

मला शब्द कळला नाही. मी हसले. काय करणार? पण मला हात खाली करायचा होता आणि करता येत नव्हता. म्हणजे कुणी धरला नव्हता... मलाच करवत नव्हता. खाली केला आणि खरंच काही असलं तर? हा विचार, वाचकहो, एका फार्मसिस्टच्या डोक्यातला. हैदराबाद येईपर्यंत मी तो हात तसाच दुमडून बसले. सव्वा तास. हसायचं तर हसा.

उतरताना मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी निघाले. दारात तीच मुलगी. माझी बॅग तिनेच आणून दिली. मी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात हळू आवाजात म्हणाली,

“मॅम, बुरा मत मानिए. चढते वक्त आपके दोनों हाथों में बच्चे थे. इसीलिए तो मैंने आपकी बॅग ली थी.”

  तिचे डोळे भरले होते, का माझे, माहीत नाही.

घरी पोचल्यावर पहिली शंका मला आली ती दुपट्याची. गुलाबी दुपटं घडी करून डाव्या हातावर टाकलं असेल, लांबून बाळासारखं दिसलं असेल. अमोल मोठी बॅग उघडत होता. दुपटं त्या बॅगेत तळाशी होतं, काकडीलाच सामानात दिलेल्या. म्हणजे ते माझ्या हातावर नव्हतंच.

दोन दिवस डावा हात भरून आल्यासारखा दुखत होता. त्याचं उत्तर सोपं आहे, सव्वा तास दुमडून ठेवल्यावर दुखणारच. हे मी मुद्दाम लिहितेय. ज्याचं उत्तर आहे ते मला लपवायचं नाही.

आठवडाभराने आमच्याकडे काम करणाऱ्या लक्ष्मम्मांना सहज विचारलं, “कवल पिल्ललु मतलब क्या?” त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, “एक पेट में दो बच्चे आते ना अम्मा, वो.”

त्या दिवशी मी अमोलला सगळं सांगितलं. गाडीत मनात जे म्हटलं होतं तेही. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा कडक होत गेला.

“संपलं होतं ना हे?” तो म्हणाला.

“तुझं संपलं होतं?”

“प्लीज. मला यातलं काही ऐकायचं नाही. आणि तू कुणाला तरी दाखव स्वतःला.”

दाखवलं. चांगल्या डॉक्टर होत्या. माझं ऐकून घेतलं, झोपेच्या वेळा विचारल्या, दुःख दाबून ठेवलं की काय होतं ते समजावलं. सगळं पटलं. फक्त मी त्यांना विचारलं, दुःख माझं होतं मॅडम, मग दिसलं त्या दोघींना कसं? त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ लिहून दिली.

अमोलने तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. घरात स्वरासाठी बोलायचो, एकमेकांशी कामापुरतं.

दिवाळीला आम्ही तिघं विमानानेच गावी निघालो. स्वरा दोनला टेकलेली, तरी अजून मांडीवरच. मी आदल्या दिवसापासून कशाची तरी वाट बघत होते. दारात चढताना दोन्ही हात मोकळे राहतील असं सामान अमोलकडे दिलं. एअर होस्टेस वेगळी होती. तिने स्वराचा गाल ओढला, सीट दाखवली, एक बेल्ट आणून दिला आणि जायला वळली.

“एकच?” माझ्या तोंडून गेलं.

“जी मॅम?”

“कुछ नहीं.”

ती गेली. मी खिडकीकडे तोंड केलं. शेजारून अमोलचा आवाज आला, “मागू का अजून एक?”

मी रागाने वळले. मला वाटलं चेष्टा करतोय. तो रडत होता. आवाज न करता, माझ्या मांडीवरच्या स्वराच्या केसांकडे बघत. पलीकडच्या सीटवर लोक होते, त्याला त्याचं काही नव्हतं.

“नगरपासून पुणतांब्यापर्यंत ती माझ्या मांडीवर होती,” तो म्हणाला. “तुझा भाऊ गाडी चालवत होता. दोन तास. मी तिला खाली ठेवलंच नाही. तुला सांगितलं नाही, कारण तुला मांडीवर घ्यायलाच मिळालं नव्हतं... मला मिळालं.”

पाडव्याच्या सकाळी त्याने मला नदीकडे नेलं. आईने अडवलं नाही. स्वराला मात्र कडेवरून सोडलं नाही तिने, म्हणाली, “हिला न्हाई नेयाचं. तुमी दोघं जावा.” पण जागा सापडली नाही. काठाने काटेरी झुडपं माजली होती, पाणीही येऊन गेलेलं. अमोल एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत जात राहिला, पावलं मोजत, परत येत. शेवटी म्हणाला, “इथंच होती. नक्की इथंच कुठंतरी.” 

माझा प्रश्न तिथून सुरू होतो आणि तो मला झोपू देत नाही. जर ती खरंच माझ्याबरोबर आली होती, तर दिवाळीला गावी जाताना का नव्हती? मी तिला हैदराबादला, अनोळखी गावात सोडून गेले का? की त्या सव्वा तासापुरतीच आली होती, राहून गेलेलं मांडीवर बसणं पुरं करायला? की काहीच नव्हतं, आणि दोन अनोळखी बायकांना एकाच दिवशी एकच चूक झाली? त्यानंतर चार वेळा विमानाने गेले-आले. दर वेळी डावा हात दुमडून बसते. कुणी काही म्हणत नाही.

इथल्या जाणकारांकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. ‘आत्मा मुक्त झाला’ वगैरे मात्र नका लिहू, मला ते झेपत नाही.

एक फरक पडलाय. परवा सोसायटीत नवीन आलेल्या शेजाऱ्यांनी नेहमीसारखं विचारलं, “एकच मुलगी का?” पूर्वी मी हो म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी मी अमोलकडे पाहिलं.

“दोन,” तो म्हणाला. “एक नऊ दिवसांची होती.”