आवाज आहे, चित्र नाही

मास्तर शाळेतले नव्हते. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणूस चौकात गोंधळला की ते आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक दाबत आणि सांगत, "विचार चौकाच्या आधी करायचा. चौकात फक्त ठरवायचं." हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडायचं. घरी मात्र ते कधी बोलून दाखवत नसत, कारण घरी त्यांची बायको होती आणि तिची स्मरणशक्ती चांगली होती.

एका संध्याकाळी हवामानाच्या बातम्या चालू असताना टीव्हीचं चित्र गेलं. बातम्या सांगणारी बाई बोलत राहिली, पण पडदा काळा. मास्तरांनी टीव्ही बंद करून चालू केला. मग पूर्वीच्या टीव्हीला मारायचे तशी मागून एक थाप मारली. पूर्वीच्या टीव्हीला पाठ होती, याला ती नव्हतीच. थाप भिंतीला बसली आणि दोन बोटं सुजली. टीव्हीला काही झालं नाही.

मेकॅनिक आला. त्याने काळ्या पडद्यावर टॉर्च मारला, तर त्या उजेडाच्या गोलात माणसं पुसट हलताना दिसली. चित्र आहे, पण काचेमागचे दिवे गेलेत, असं त्याने समजावलं. बदलता येतात, पण काच उघडताना तडकली तर सगळाच टीव्ही भंगारात. काचेची हमी त्याने द्यायची नाही आणि मास्तरांनी मागायची नाही.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मास्तर नवा टीव्ही बघायला दुकानात गेले. तिथे भिंतभर टीव्हींवर एकच पोपट एकाच वेळी मान वळवत होता. विक्रेत्याने सांगितलं की हल्ली जुना दुरुस्त करायला कुणी जात नाही, आणि हा नवा तर तुमचं बोलणं ऐकतो. घरात आपलं बोलणं ऐकणारं कुणीतरी असावं असं मास्तरांना बरेच दिवस वाटत होतंच. तरीही ते नुसतीच माहितीपत्रकं घेऊन परतले. चांगला तीन वर्षांचा टीव्ही टाकायचा तर जीव होईना, आणि उघडायचा तर काचेची धास्ती.

मग ते जो भेटेल त्याला विचारत सुटले. शिकायला आलेल्या दंतवैद्याला, पेट्रोल पंपावरच्या माणसाला, स्वतःच्या भावाला. भाऊ म्हणाला दुरुस्त कर, तेव्हा त्यांना नवा घ्यावासा वाटला. दंतवैद्य म्हणाला नवा घ्या, तर ते जुन्याची बाजू घेऊन भांडले. घरी पाहुणा आला की त्याला टॉर्च मारून पुसट माणसं दाखवायची, हा तर त्यांचा छंदच होऊन बसला. पाहुणे चहा लवकर संपवू लागले.

बायको शिवणाच्या दुकानातून दमून यायची. ती एवढंच म्हणायची, "काय करायचं ते करा. पण करा."

घरात सासूबाईही होत्या. आपल्या मालिकेच्या वेळी त्या नेमाने खुर्चीत येऊन बसत आणि काळ्या पडद्याकडे तोंड करून पूर्ण मालिका बघत. मधूनच हसत, मधूनच खलनायिकेला दोन शब्द सुनावत. एकदा मास्तरांनी विचारलं, "आई, दिसतंय का काही?"

"दिसतंय की. राहू द्या."

मास्तरांना धन्य वाटलं. याला म्हणतात समजूतदारपणा. ते स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाले, "तुझ्या आईची काही तक्रार नाही. घाई सगळी तुझीच." दुसऱ्या दिवशी बायकोनेच मेकॅनिकला फोन केला.

टीव्ही पलंगावर पालथा निजवला गेला. मागचे स्क्रू काढून तो उताणा केल्यावर मेकॅनिक काच उचलू लागला. मास्तरांनी एक कोपरा धरला होता. तो आधी उचलावा की थांबावं हे त्यांचं ठरेना, ते बघून मेकॅनिक नम्रपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही चहा टाका. तेवढी मदत पुष्कळ झाली." मास्तर चहाजवळ उभे राहून तडकण्याचा आवाज ऐकू येतो का, याकडे कान लावून राहिले. चहा उतू गेला, काच शाबूत राहिली.

टीव्ही भिंतीवर चढला. चित्र आलं. फुलांची बाग, लालभडक, पिवळीधमक. मास्तरांनी छाती पुढे काढली, जणू दिवे त्यांनीच बसवले होते. सासूबाई आतून आल्या, चाचपडत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "झालं का काम?"

बायकोने आईकडे बघितलं, मग हळूच रिमोट उचलून आवाज बंद केला. बाग पडद्यावर तशीच झगमगत होती.

"परत बिघडला वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

बायको त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. कधीपासून, असं तिने विचारलं. सासूबाईंनी आधी उडवून लावलं, मग म्हणाल्या, "सांगणारच होते गं. पण तेवढ्यात हा टीव्ही बिघडला. म्हटलं, एका वेळी एकच. जावईबापूंना दोन-दोन गोष्टी ठरवायला लावायच्या म्हणजे अवघड."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच काळजी वाटली होती, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. आठवडेच्या आठवडे ते त्या पुसट माणसांवर टॉर्च मारत होते आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मेकॅनिकने चहा न पिताच हत्यारं आवरली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिकवणी रद्द केली. कुणाला काही विचारलं नाही, सासूबाईंना थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं आणि डोळ्यात बसवायच्या भिंगांचे प्रकार समजावू लागले. मास्तरांनी सवयीने तोंड उघडलं, बायकोने नुसतं बघितलं, आणि मास्तर म्हणाले, "तुम्ही सांगाल ते बसवा."

एका डोळ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, तेव्हा समोर नेमके मास्तर उभे होते. सासूबाईंनी त्यांना खालून वर निरखलं.

"अगंबाई, केस कधी गेले?"

"गेले हळूहळू," मास्तर म्हणाले.

घरी जाताना त्या मागच्या सीटवर काचेला लागून बसल्या आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटल्या. औषधांचं दुकान, चपलांचं दुकान, खोल्या भाड्याने मिळतील. एका भिंतीवरची न थुंकण्याची सूचनाही त्यांनी कौतुकाने वाचली. मास्तर गाडी चालवताना आरशातून त्यांच्याकडेच बघत होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तो दिवा लाल आहे ना?"

मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला.