ओट्याखालची ओल

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही हर्सूलकडं घर बांधलं. नळाचे सगळे पाइप ह्यांनी भिंतीच्या आत घेतले. उघडे पाइप घराला शोभत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. गिलावा होईस्तोवर ऑफिस सुटलं की हे रोज तिथं जाऊन उभे राहायचे.

पुढं नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायला लागलं, तेही कधी चुकायचं. तांदळाचं धुवण कुंड्यांना, कपड्यांचं पाणी संडासात, असा आमचा रिवाज झाला. पाहुणा हात धुवायला उठला तरी माझा जीव नळात. एवढं करून गच्चीवरची टाकी अर्ध्या आठवड्यातच कोरडी पडू लागली.

"तुझ्या हातात बरकत नाही राहिली," हे म्हणाले.

 शेजारणीनं सांगितलं म्हणून फ्लशच्या टाकीत हळद कालवून पाहिली. गळत असतं तर खाली भांड्यात पिवळं उतरलं असतं. पाणी नितळच राहिलं. मग सगळे नळ बंद करून आम्ही दिवसभर नणंदेकडं जाऊन आलो, तर टाकी वीतभर उतरलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे नळ बंद ठेवले, शिवाय स्वयंपाकघराकडं जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्हही. टाकीतलं पाणी जागचं हललं नाही.

हे जिन्यातच बसले. ओट्याखालच्या भिंतीला कैक वर्षं पोपडे येत होते. पावसाची ओल समजून हे दर दिवाळीला तिथं रंगाचा हात मारायचे.

गल्लीतल्या प्लंबरचाचांना बोलावलं. छिन्नी लागली तसा गिलावा भिजल्या भाकरीसारखा गळून पडला. आत पाइपाची चाळण झालेली. चाचांनी तुकडा कापून नवा जोडला, पाणी सोडलं, तर हातभर पुढं फुटलं. तिथं जोडलं, तर कोपऱ्यात.

"भाभी, ये तो पूरी लाइन सड गई," चाचा म्हणाले. "किधर किधर जोडूं?"

शेवटी भिंतीतली लाइन कायमची बंद केली आणि भिंतीच्या बाहेरून प्लास्टिकचा उघडा पाइप नेला. ह्यांनी हरकत घेतली नाही. त्या आठवड्यात टाकी पुरली. मला वाटलं, सुटलो.

ऊन तापलं तशी ओट्यापुढची फरशी खचली. खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत भेग गेली. ह्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री येऊन बघून गेले. त्यांनी एक फरशी उचलली, खालची काळी माती चिमटीत घेतली.

"लई वर्षं पाणी पिलंय हिनं," ते म्हणाले. "तुम्ही गळती थांबवली, आता ती सुकाया लागली. सुकंल तशी आकसंल, अन् पाया खाली बसंल."

"काही करता येईल?" मी विचारलं.

"टेकू लावा. थोडं लांबंल."

ज्या पाण्याच्या थेंबाथेंबासाठी मी जीव टाकला, ते सारं आमच्याच पायाखाली मुरत होतं. ह्यांनी माणसं आणून टेकू लावले. गॅस आणि भांडी बैठकीत आणली. पुण्याहून मुलाचा फोन आला, की विका आणि इकडं या. असलं घर घेणार कोण, हे मी त्याला विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते स्वयंपाकघर पाडावंच लागलं. पाडायच्या दिवशी हे क्रांती चौकात काम आहे म्हणून सकाळीच निघाले. संध्याकाळी परतले ते मागं पाडलेल्या स्वयंपाकघराकडं फिरकलेच नाहीत. जेवताना म्हणाले, "बैठकपण जाणार आता."

मी म्हटलं, "व्हय," आणि त्यांना भात वाढला.

त्यानंतर पाण्याच्या दिवशी टाकी मी एकटीच भरू लागले. बैठकीच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं, केसाएवढी रेघ उमटलेली आहे. हे रोज तिथंच खुर्ची टाकून बसतात, पाठ भिंतीकडं करून.