न दुखणारा हात

वडील गेले तेव्हा आईला मी एकटीच होते. नळदुर्गाजवळच्या आमच्या वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर पाणी. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि मला तिनं मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. मी बी.ए. झाले. आमच्या वस्तीतली पहिली. हे मी मान वर करून सांगते.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या मिशन दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या तळहाताला टाचणी टोचली.

"टोचा की बाई," आई म्हणाली.

टाचणी टोचून झाली होती.

"ही लेप्रसी आहे," बाई मला म्हणाल्या. म्हणजे महारोग. मी बाकावर बसले ती उठलेच नाही. पुढच्या रोग्याला बसायला जागा करून द्यायचंही मला सुचलं नाही.

धक्का नुसता रोगाच्या नावाचा नव्हता. त्याच वर्षीच्या नाताळात, प्रीतिभोजनाच्या, म्हणजे चर्चच्या सगळ्यांनी मिळून करायच्या जेवणाच्या भाकरी भाजताना, चुलीतून निखारा निसटून मार्थामामीच्या लुगड्याकडं घरंगळला होता. आईनं तो हातानं उचलून परत चुलीत टाकला. तोंडावर दुखल्याची खूणसुद्धा नाही. मार्थामामीचे यजमान याकोबमामा आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. त्यांनी आईला उभं केलं आणि बायबलातल्या, भट्टीत न जळालेल्या तीन तरुणांची गोष्ट सांगून म्हणाले, "बघा, विश्वास असावा तर सगुणाबाईसारखा." सगळ्यांनी गीत म्हटलं. आई लाजून खाली बघत होती. मलाही अभिमान वाटला. फोड आला, चिघळला, तरी ती म्हणायची, "दुखतच न्हाय गं." शेवटी मीच तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "याला अ‍ॅनस्थेशिया म्हणतात. बधिरपणा. रोग नर्व्हमध्ये, म्हणजे दुखणं मेंदूला कळवणाऱ्या शिरेत शिरला की हात भाजतो, पण कळत नाही." त्यांनी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन स्मिअर घेतला; म्हणजे तिथला स्राव काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात जंतू दिसले नाहीत. "हिचा प्रकार पसरणारा नाही. चारचौघांत बसू द्या, खाऊ-पिऊ द्या. पण चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं घ्यायला इथंच राहावं लागेल."

दवाखान्यात राहायला जाण्याआधी आईला गावी प्रभुभोजन घ्यायचं होतं. आमच्या चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून बेदाणे भिजवून केलेला रस एकाच पितळी पेल्यातून सगळे पीत. ज्यांच्या बापजाद्यांना कुणी हातात पाणी दिलं नव्हतं, त्यांच्या लेखी तो पेला काय होता ते मी इथं समजावत बसत नाही. आई रोगाचं नाव लपवणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी पाळकसाहेबांना आणि पंचांना नीट सांगितलं होतं.

तरी याकोबमामा पेला घेऊन आईसमोर थांबले आणि म्हणाले, "सगुणाबाई, वंजळ कर. वरून वततो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पाळकसाहेब जमिनीकडं बघत होते.

आईनं हात पदराखाली घेतले. "मामा, असलं पाणी ल्हानपणी लई प्याले," ती म्हणाली. "प्रभूचं असं न्हाय पिणार." आणि उठून बाहेर गेली. मीही तिच्यामागं निघाले.

आई दवाखान्यात राहिली. इंजेक्शनं फार दुखायची, आणि ती हसून म्हणायची, "चला, कुठंतरी दुखतंय." पुढं रझाकारांच्या धामधुमीत मोटारी बंद झाल्या. गावची काही खबर कळेना.

गावात काय झालं ते मागाहून कळलं. पुढच्या प्रभुभोजनाला पेला मार्थामामीसमोर आला तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, "सगुणा पिईल तवा मी. माझं लुगडं वाचवताना भाजलाय तिचा हात." तिच्यानंतरच्या बाईनं मान हलवली. मग तिच्या पुढचीनं. पेला बायकांच्या बाजूनं भरलेला परत जाऊ लागला. याकोबमामा घरी चार शब्द बोलले असतील, पण भाकरी मामीच थापत होती. मोटारींची वाट सुरू होताच पाळकसाहेब स्वतः दवाखान्यात आले आणि माझ्याकडून ऐकलेलं डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकून गेले.

तुमच्या अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं कळत नसेल, तर तो विश्वासाचा चमत्कार समजून त्याची साक्ष देऊ नका. दवाखाना गाठा. मी विश्वास सोडलेला नाही. पण त्या नाताळात उभं राहून गायलेलं गीत मला आजही म्हणवत नाही.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतरच्या नाताळात आई परतली. करंगळी वाकडी राहिली होती. याकोबमामांनी पेला तिच्या हातात दिला. आई प्याली.

मार्थामामी कुजबुजली, "जड हाय का गं?"

"मला काय कळतंय? तूच धरून बघ," आई म्हणाली.

मामी हसली, पेला घेऊन प्याली आणि पुढं दिला. आई बरी झाली, आणि तिच्या हातातला पेला रांगेच्या शेवटापर्यंत गेला.