अर्धा कागद साहेबाचा

जगात बेकारी आहे ती लोक अर्ज लांबलचक लिहितात म्हणून, असे मानणारा एकच माणूस मी पाहिला. हुबळीत कोप्पीकर रोडच्या मागे एका खानावळीत ते माझ्या शेजारच्या पाटावर जेवायला बसत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तीस वर्षे एका कचेरीत लोकांचे अर्ज उघडून साहेबापुढे ठेवण्यात गेल्यामुळे कागद दिसला की तो वाचण्याआधी ते बोटांनी मोजत. लग्नपत्रिका आली तरी पेन्सिल घेऊन तिच्यातले आप्तेष्ट कमी करत. लेकीला कार्ड लिहीत तेही निम्मे कोरे. एकदा एक बी. ए. झालेले गृहस्थ अर्जाचे चार ताव दाखवायला घेऊन आले. सुरुवात पणजोबांच्या इनामापासून. अण्णांनी भात कालवता कालवता विचारले, "नोकरी पणजोबांना पाहिजे काय?" आणि तिसऱ्या तावावर ते गृहस्थ जन्माला येत होते तिथून वाचायला घेतले.

मी रत्नागिरीकडचा, मराठी पाचवीतून शाळा सुटलेला. कापसाच्या वखारीत कारकुनाची एक जागा होती. ती नाही मिळाली तर गावी परत, एवढे नक्की. शिक्षण झाकायला मी दोन ताव भरले: वडिलांचे जाणे, आईचे डोळे, बहिणीचे लग्न.

"साकु, तम्मा, पुरे झालं," अण्णा कानडी मिसळून म्हणाले. "आईचे डोळे साहेब तपासणार आहे काय?" त्यांनी नवा ताव उभा दुमडला आणि एका बाजूला चार ओळी लिहायला लावल्या. नाव, इयत्ता, अक्षर बरे, आज्ञा होताच हजर.

इतक्या लांब येऊन मी चार ओळींचाच निघालो.

"अण्णा, निम्मा कागद रिकामाच राहिला की."

"तो साहेबाचा. तू जागाच ठेवली नाहीस, तर 'हो' कुठं लिहील तो?"

आठ दिवसांनी जागा मिळाली. अण्णांना नमस्कार केला, तर म्हणाले, "बघितलंस? चार ओळी." पुढच्या वर्षी ते लेकीकडे गदगला गेले आणि तिकडेच वारले.

त्यानंतर कधीतरी वखारीतल्या जुन्या फायली लावताना माझा अर्ज हाती आला. कोऱ्या बाजूला कोणी काहीच लिहिले नव्हते. मागे मात्र अण्णांच्या अक्षरातले पाच ताव जोडलेले, दोन्ही बाजूंनी काठोकाठ भरलेले. मुलगा पानात भात टाकत नाही. पोस्टमन दिसला की उठून उभा राहतो. तापातसुद्धा स्वतःची भांडी स्वतः घासली. शेवटी जागा उरली नव्हती, म्हणून साहेबांनी अक्षरांवरूनच लाल पेन्सिलीने आडवे लिहिले होते: "मुलाला ठेवा. या गृहस्थांना मात्र पुन्हा लिहू देऊ नका."

शेजारच्या पाटावर खाली मान घालून जेवताना अण्णांनी हे सगळे पाहिले तरी केव्हा, ते आता विचारायचे कोणाला?