मामंजी जिवंत असताना उतरलेली मिशी

आश्विन शुद्ध नवमी. सकाळचं काम: नवऱ्याची दाढी करणे.

हे काम बायकोचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी खंडेनवमी. अख्ख्या जव्हारात सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा कोयता, शिपायाची तलवार अशी सगळी हत्यारं पाटावर मांडून, हळदकुंकू लावून पूजेला बसलेली. राघो न्हाव्याचे वस्तरेही बसलेले. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या सकाळी राघोला राजवाड्यातल्या बड्या गालांतून आमच्या कारकुनी गालापर्यंत पोचायला दुपार झाली असती.

आणि या दसऱ्याला गुळगुळीत गालांनी उभं राहणं भाग होतं, कारण मामंजी येणार होते. यांनी आपल्या साखरशेत गावची नाचणी सोडून दरबारच्या कचेरीत लेखणी धरली, त्या दिवसापासून माझे सासरे आमच्या घराची पायरी चढले नव्हते. सासूबाई केव्हाच गेलेल्या. म्हातारा एकटा, गड्याच्या हातची भाकरी खाऊन रुसलेला. तरी यंदा निरोप आला : "नवमीला येतो. पोराला दरबारात उभा बघायचाय." यांनी तो निरोप मला चारदा ऐकवला. माणूस इतका हळवा होतो हे मला लग्नानंतर प्रथमच कळलं.

घरात एक विलायती वस्तरा होता. यांनी मुंबईहून मागवलेला, मखमलीच्या पेटीत ठेवलेला. त्याची पूजा वर्षभर होई, वापर कधीच नाही. एकदा यांनी स्वतःवर चालवून पाहिला होता आणि कचेरीत "मांजराने ओरखडलं" असं सांगितलं होतं. (आमच्याकडे मांजर नाही.)

"द्या इकडे," मी म्हटलं.

"तुला जमेल?"

"रोज विळीला धार कोण लावतं?"

इथेच चुकलं. विळीला लावतात तशी मी पाट्यावर, पातं उभं धरून, दणदणीत धार लावली. बोट फिरवून पाहिलं तर वस्तरा कुठला, करवत झालेली! मग राघो कसा करतो ते आठवलं. तो आमच्याच अंगणात यांची दाढी करी, आणि मी दाराआडून पाहत असे. तो गुळगुळीत दगडावर तेलाचा थेंब टाकतो. पातं सपाट निजवतो. धारेकडून पुढे ढकलतो आणि उलटताना पाठीवर उलटतो, धारेवर कधीच नाही. मग चामड्यावर परजतो, तिथे मात्र धार मागे. मीही तसंच केलं. चामडं म्हणून यांचा कचेरीचा जुना पट्टा घेतला. तास-दीड तासाने मनगटावरचे केस फुंकर मारल्यासारखे उडाले.

सराव कशावर करायचा? मांडवावर कोवळा कोहळा लटकत होता. कोवळ्या कोहळ्यावर बारीक टोचरी लव असते. त्याला साबणाचा फेस लावला आणि अशी हजामत केली की कोहळा नवरदेव दिसू लागला. एक ओरखडा नाही! मला गर्व झाला. कोहळ्याला मिशी नसते आणि कोहळा "हं, हळू" म्हणत नाही, हे दोन मुद्दे माझ्या लक्षात आले नाहीत.

हे पाटावर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मान पहिल्यांदाच माझ्या हातात दिली होती. डावा गाल झाला, उजवा झाला, हनुवटीही झाली. मी थांबायला हवं होतं.

"मिशीच्या कडा जरा सारख्या कर," हे म्हणाले.

डावी कड केली. उजवी लांब वाटली. उजवी केली. आता डावी लांब! धार अशी लागली होती की मी नुसता विचार केला तरी केस पडत होते. शेवटी नाकाखाली बोटभर ठिपका उरला. तोही चिकटल्यासारखा दिसत होता, म्हणून काढला.

यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं," हे अगदी हळू म्हणाले, "माझे वडील जिवंत आहेत."

आमच्याकडे मिशी पिकते, झडते, विड्याने रंगते. पण उतरते ती एकदाच. बाप गेल्यावर.

तेवढ्यात शेजारच्या गंगाकाकू विरजण मागायला मागल्या दाराने आत आल्या. त्यांनी यांचा ओठ पाहिला आणि हातातली वाटी सोडली.

"अगं बाई! कधी गेले?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं, की दरबारच्या कारकुनाची हजामत बायकोने केली आणि बिघडवली. बाप मेला तर लोक हळहळतात. बायकोने मिशी उडवली तर हसतात, आणि पुढली वीस वर्षं हसतात. यांनी क्षणभर विचार केला आणि मान खाली घातली.

एवढ्यावर मामंजी वारले!

काकूंनी पदर खोचला. "सुतकात पुरण शिजवतेस?" म्हणत चुलीत पाणी ओतलं आणि पुरणाचं पातेलं उचललं. "आमच्याकडे सुतक नाही," असं म्हणून ते आपल्या घरी नेऊन ठेवलं, आणि जाता-येता अख्ख्या आळीला बातमी देऊन परत आल्या.

पाठोपाठ राघो न्हावी आला तो चिडलेलाच.

"वहिनीबाई, बाप गेला आणि मिशी घरात उतरवलीत? हा मान आमचा! मयताला मुहूर्त नसतो, पूजेतला वस्तरा उचलून आलो असतो मी." मग त्याने यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "आणि ही केली कुणी? खाटकानं?"

"मीच केली," हे म्हणाले.

"बरोबर. दुःखात हात कापतोच. पण डोकं तसंच ठेवलंत की! असं अर्धवट चालतं का? बसा."

आणि हे बसले! अंगणात, तुळशीसमोर. राघोने डोक्यावर पाणी मारलं आणि पुढून सुरुवात केली.

आता मात्र पुरे झालं, असं मी ठरवलं. सगळं सांगून टाकायला पडवीत आले, तोच मोखाड्याचे धाकटे भाऊजी हंबरडा फोडत आत शिरले. दसऱ्याच्या बाजाराला आले होते, तिथे त्यांना कळलं.

"मला न कळवता अग्नी दिलात? माझा बाप होता तो! दादा, माझा बाप!" त्यांनी खांबावर डोकं टेकलं, नाक पुसलं आणि त्याच दमात म्हणाले, "वहिनी, बैलजोडी मी नेतो."

मी तोंड उघडलं ते "मामंजी जिवंत आहेत" असं म्हणायला. देवाशपथ, तेच म्हणायला उघडलं होतं.

"बैल?" मी म्हटलं. "ते कसे तुमचे?"

"बाबा मला देणार होते."

"तुम्हाला? गेल्या पावसात पेंढा कुणी पाठवला? थोरला मुलगा कोण?"

"थोरल्याला लेखणी आहे की! कचेरीत बैल जुंपणार काय?"

"जुंपू नाहीतर ओवाळू! आणि भांडी? सासूबाईंची तांब्याची घागर कुठे आहे, तेही सांगा एकदा!"

"घागर माझ्या बायकोला दिलीय!"

"दिलीय की नेलीय?"

माझा आवाज चांगला चढला होता. ज्याच्या बैलांसाठी भांडतोय तो माणूस धडधाकट आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने काडीचा फरक पडला नाही. अंगणातून अर्ध्या डोक्याने हे ओरडले, "घागर सोडू नकोस!"

तेवढ्यात काकूंनी किंकाळी फोडली.

फाटकात मामंजी उभे होते. खांद्यावर नव्या भाताचं गाठोडं, हातात दोन काकड्या. केव्हापासून उभे होते ते देव जाणे. बाजारातून येताना लोक त्यांना पाहून बाजूला होत होते, म्हणे.

राघोचा वस्तरा हवेतच राहिला.

"ठरला का?" मामंजी म्हणाले. "बैल कोणाला?"

भाऊजी खांबाआड झाले.

"बाबा, तसं नाही, ही मिशी चुकून..." हे उठू लागले.

"बस, बस. राघो, तू कर पुरा. मना बघू दे, माझ्या मागं पोर कसा दिसतो ते."

राघो बिचारा काय करणार? अर्धं डोकं ठेवणंही बरं दिसेना. त्याने पुरं केलं. मामंजी फाटकातून बघत राहिले. मी धावत पाणी घेऊन गेले.

"मामंजी, आत चला. सगळं सांगते."

"रडला कोण?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी रडले," मी म्हटलं. बैलांचा विषय निघेपर्यंत, एवढं मात्र सांगितलं नाही.

"आत चला ना," मी पुन्हा म्हटलं.

"मेल्या माणसाला घरातून बाहेर काढतात, सूनबाई. आत नाय घेत." त्यांनी पाण्याला हात लावला नाही. गाठोडं फाटकाशी ठेवलं, काकड्या त्यावर ठेवल्या आणि आल्या वाटेने निघाले. हे मागे धावले. पण उघडं, ओलं, तासलेलं डोकं घेऊन माणूस बाजारातून किती धावणार? वळणापर्यंत गेले आणि परत आले.

दसऱ्याला हे दरबारात गेले नाहीत. बाप जिवंत असताना तसल्या डोक्याने जाणार कसे?

मी मात्र उजाडण्याआधी उठले, भाकऱ्या केल्या, आपट्याची पानं पदरात बांधली आणि एकटी साखरशेतला चालत गेले. वाटभर माफीचे शब्द जुळवत होते. मामंजी ओट्यावर बसले होते. मी वाकले, पानं त्यांच्या हातात दिली आणि तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "बैल मागल्या गोठ्यात हायत."

आणि मी मान वळवून बघितलं.