वाळवंटात असोद्याची वांगी

लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला शिर्डी दाखवली, नाशिक दाखवलं आणि पुढे हात आखडला. असा माणूस एके सकाळी जळगावच्या घरात चहा पिता पिता म्हणतो, "चल, जैसलमेरला जाऊ. वाळवंट बघायचं होतं ना तुला?" आता बाईने खूश व्हायचं की घाबरायचं? मी घाबरले.

घाबरायला कारण होतं. महिन्यापूर्वी हे धुळ्याला, म्हणजे त्यांच्या गावी, दवाखान्यात तपासण्या करून आले होते. काय निघालं विचारलं तर "बठ्ठं ठीक शे" (सगळं ठीक आहे), एवढंच. कागद काही दाखवले नाहीत. शेजारच्या वहिनींना त्यांच्या यजमानांनी असंच अचानक काश्मीर फिरवून आणलं आणि घरी आल्यावर स्वतःचा आजार सांगितला. तेव्हापासून प्रेमळ नवऱ्याची मला धास्तीच बसली आहे.

उजाडायच्या आत निघालो. डिकीत आधीच एक गोणी होती आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लांबट गठ्ठा. हात लावायला गेले तर हे ओरडले, "राहू दे ते!" धुळ्याबाहेर नाश्त्याला थांबलो. समोर गरम जिलेबी निघत होती आणि हे म्हणाले, "नको." चहासुद्धा बिनसाखरेचा! लग्नात जिलेबीसाठी रुसून बसलेला माणूस हा.

शिरपूर मागे पडलं, बिजासन घाटात ट्रकांच्या मागे रांगत सातपुडा ओलांडला. घाटानंतर माळव्यात सगळीकडे हिरवे गहू. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी मी फक्त ह्यांचा चेहरा बघत होते.

रतलामला मुक्काम केला. गॅलरीत उभं राहून हे हळू आवाजात फोनवर बोलत होते, "तिला काही कळू देऊ नका, आक्का. तिथं पोचलो की मीच सांगेन." ही काशीआक्का, असोद्याला माझ्या माहेरच्या शेजारची. माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण. आई गेल्यापासून मन मोकळं करायला तीच काय ती उरली आहे. तिला माहीत आणि मला नाही! अंथरुणावर पडले, पण डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी राजस्थानच्या हद्दीवर पोलिसाने डिकी उघडायला लावली.

"इसमें क्या है?" त्याने गठ्ठ्यावर काठी ठोकली.

"लकड़ी है, साहब."

लाकडं! लाकडं घेऊन कोण प्रवासाला निघतं? माझ्या मनात नको नको ते आलं. जोधपूर येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते. हे मात्र गाणी गुणगुणत होते, त्याचा आणखी राग.

तिसऱ्या दिवशी जोधपूर सोडल्यावर झाडं विरळ होत गेली. मधूनच एखादी खेजडी (आपल्या शमीचं झाड), तिच्या सावलीत शेळ्या. एका ढाब्यावर केर-सांगरी (तिकडच्या झाडाझुडपांच्या फळा-शेंगांची भाजी) आणि बाजरीची भाकरी खाल्ली. चव छान होती, असं आता आठवून सांगते आहे.

जैसलमेरच्या पुढे वाळूच्या टेकड्या आल्या. ह्यांनी उत्साहाने गाडी रस्त्याखाली घातली आणि चाक रुतलं. एका उंटवाल्या बाबांनी फळी घालून, धक्का मारून ती काढली. सूर्य कलला होता. ह्यांनी गठ्ठा सोडला. आत कपाशीच्या वाळलेल्या काड्या! गोणीत वांगी, असोद्याची, हिरवी-पांढरी, हातभर. काड्या पेटवून त्यांनी वांगी त्यांच्यावर मांडली.

"इतनी दूर लकड़ी?" बाबा म्हणाले. "इधर भी मिलती है."

"कपाशीच्या काडीवरच भाजायचं असतं, बाबा. नाहीतर ते भरीत नाही," हे चक्क मराठीत म्हणाले.

माझा बांध फुटला. "अहो, खरं सांगा. डॉक्टरांनी काय सांगितलं? किती दिवस राहिलेत?"

हे वांगं उलटवत म्हणाले, "साखर वाढली म्हणे. गोड बंद. तुला सांगितलं असतं तर तू घरातला गूळसुद्धा कुलपात ठेवला असता."

"आणि हे सगळं?"

"आज चंपाषष्ठी. तुझा वाढदिवस आहे."

माझा वाढदिवस एक जून! शाळेत मास्तरांनी निम्म्या वर्गाचा तोच लिहिला होता. ह्यांनी फोन लावून माझ्या कानाला धरला.

"आवं माय, तू चंपाषष्ठीची," काशीआक्का म्हणाली. "तुह्या मायनं वांगे भाजाले घेतले अन् तिचं पोट दुखाले लागलं. भरीत तसंच राह्यलं, तू झाली. मास्तरनं एक जून लिवलं तव्हा तुही माय म्हने, आता कागदावरचं खरं. पन तुहा डबा काही तिनं कधी चुकू दिला नाही."

डबा! लग्नानंतर दर चंपाषष्ठीला असोद्याच्या बसमधून आईचा डबा यायचा. भरीत, आणि वर मला आवडतो म्हणून भाजलेला देठ. मी समजत होते, खंडोबाचा प्रसाद आहे. आई गेली, डबा थांबला, आणि मला वाटलं होतं, प्रसाद थांबला.

मी वाळूत बसून ढसाढसा रडले. मुसळ घरीच राहिलं होतं, म्हणून ह्यांनी बाबांच्या काठीच्या टोकाने डब्यातच वांगी ठेचली. भरतात वाळू कचकचत होती. बाबांनी दोनदा मागून घेतलं. देठ ह्यांनी ढाब्यावरून बांधून आणलेल्या माझ्या भाकरीवर ठेवला.

परत आल्याला आता बरेच दिवस झाले. ह्यांचे कागद मी बघितले, साखरच आहे, आणि गूळ खरंच कुलपात गेला आहे. संशयी स्वभाव काही जात नाही, फक्त आता संशय आईवर येतो. आषाढात पाठवलेल्या त्या कापण्या, संक्रांतीनंतरचं ते लोणचं, मुद्दाम धाडलेली ती हिरवी साडी. त्या प्रत्येकातून आई मला काय सांगत होती, हे आता कुणाला विचारू?