मुलुंडमधल्या नगराध्यक्षा

मालतीकाकूंना कुणी नमस्कार केला की त्या आधी विचारायच्या, "बोला, काम काय आहे?" मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्या लेकीकडे, स्मिताकडे राहायला आल्या, तेव्हा लिफ्टमध्ये मलाही त्यांनी हेच विचारलं. काम काहीच नाही म्हटल्यावर जरा ओशाळल्या. "सवय गं. नगराध्यक्षा होते ना. बिनकामाचा कुणी नमस्कार करत नसे."

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान गावाच्या त्या पहिल्या महिला नगराध्यक्षा. काकू आता नाहीत. त्यांनी हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, संध्याकाळी गच्चीवर, सुजलेले गुडघे चोळत. पद बायकांसाठी राखीव झालं आणि नवऱ्याने यांचं नाव पुढे केलं. पहिल्या दिवशी कचेरीत गेल्या, तर त्यांच्या खुर्चीत नवराच बसलेला, समोर सगळे नगरसेवक. काकू टेबलापाशी उभ्या राहिल्या. कुणीतरी बाजूची खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाल्या. चहा आला, तोही उभ्यानेच प्यायल्या. शेवटी नवरा उठला. "भांडण नव्हतं ते," त्या म्हणायच्या. "मला बसायचं होतं, एवढंच."

आठवडी बाजारात भाजी विकायला येणाऱ्या खेड्यातल्या बायका दिवसभर पाणी पीत नसत, कारण जायला जागा नव्हती. काकूंनी बाजारातल्या पालिकेच्या जागेवर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायला घेतलं. तिथे दुकानाचे गाळे व्हावेत असं पुष्कळांच्या मनात होतं, त्यांच्या नगरसेवक दिराच्याही. बांधकाम पुरं होत आलं आणि अविश्वास ठराव आला. ठरावाच्या बाजूने दिरानेही हात वर केला. पद गेलं. घरी येऊन त्यालाच जेवायला वाढावं लागलं. "दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या त्याने," काकू म्हणाल्या. नवरा मात्र पद घालवलं म्हणून कित्येक महिने काकूंशीच बोलला नाही.

आमच्या सोसायटीने त्यांना सेक्रेटरी व्हा म्हणून गळ घातली होती. त्यांनी हात जोडले. "मीटिंग म्हटलं की मला वर झालेले हातच दिसतात."

मागच्या वर्षी नात्यातल्या लग्नासाठी त्यांना गावी जायचं होतं. स्मिताला रजा नव्हती, म्हणून मी गेले सोबत. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. स्वच्छतागृह उभं होतं. दारावरच्या संगमरवरी पाटीवर मोठ्या अक्षरांत दिराचं नाव होतं, काकूंचं कुठेच नव्हतं. माझा संताप झाला. काकूंनी पाटी वाचली आणि आत गेल्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पाणी येतंय," म्हणाल्या, आणि दारातच थबकून आत-बाहेर करणाऱ्या बायकांकडे बघत राहिल्या.

एक भाजीवाली घाईने आली. "आजी, वाट सोडा ना," ती म्हणाली. काकू बाजूला झाल्या.

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं, पुन्हा वेळ आली असती तर उभ्या राहिला असता का? मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "एवढं एकदाच होतं माणसाकडून."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मुलुंड येईपर्यंत झोपून राहिल्या.